वजन उतरावे, बळ उतरू नये



संत कान्हूराज पाठकांचे केंदूर हे शिरूर तालुक्यातील, पर्जन्यछायेत वसलेले गाव. बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची आमटी आणि शेतातली पालेभाजी हे या भागातील घराघरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. पाणी शेंदणे, जात्यावर दळणे, खुरपणी आणि काढणी या कामांत येथील स्त्रीचा दिवस सरत असे. तिला वजन कमी करण्याचा विचार कधी शिवला नाही. वजन वाढण्याइतके अन्न आणि उसंत या दोन्ही गोष्टी तिच्या वाट्याला क्वचितच आल्या.

आज शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव परिसरात कारखाने उभे आहेत. जात्याची जागा गिरणीने घेतली, पाटा-वरवंट्याची मिक्सरने, पायवाटेची दुचाकीने. कष्ट हलके झाले ही आनंदाची गोष्ट होय. स्त्रीने पुन्हा जात्यावर बसावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु शरीराचा खर्च घटला आणि ताटातील तेल, साखर व मैदा वाढला, तर शिल्लक कोठे तरी साठणारच. ती बहुधा कमरेभोवती साठते. मग वर्तमानपत्रातील जाहिरात खुणावते, 'एका महिन्यात दहा किलो वजन घटवा!'

जाहिरातीचा हिशेब

हा दावा साध्या अंकगणिताने तपासता येतो. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा असते. दहा किलो चरबी म्हणजे ७७,००० कॅलरी. ती तीस दिवसांत जाळावयाची, तर रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट हवी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीची दिवसाची संपूर्ण गरजच सुमारे १,६६० कॅलरी आहे. म्हणजे महिनाभर अन्नाचा कण न घेता ती नेहमीची कामे करीत राहिली, तरीही दहा किलो चरबी जाणार नाही. तरीही काटा झपाट्याने खाली आला, तर जे उतरले त्यात पाणी आहे आणि स्नायूही आहेत. असे घाईचे वजन घटणे पित्ताशयातील खड्यांना आमंत्रण देते. केस गळतात, मासिक पाळी अनियमित होते, थकवा येतो. आणि उपासमार संपताच वजन परतते. परतताना ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येते. गेलेले स्नायू तितक्या सहज परतत नाहीत.

बारीक, पण निर्धोक नव्हे

वजनाच्या काट्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही, हे जगाला दाखविण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तंतोतंत सारखा होता : २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके भिन्न होते.

याचे मूळ कोठे, याचा शोध पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून घेतला गेला. याच शिरूर तालुक्यात, धर्मवीर संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या वढू बुद्रुक येथे केईएमचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. 'पुणे मातृपोषण अभ्यास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संशोधनातील गर्भवतींचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपले बाळ स्नायूंनी आणि हाडापेराने लहान, पण पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्याने बरीचशी राखलेली. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन 'कृश-स्थूल' अर्भक असे केले. ज्या मातांच्या आहारात पालेभाजी, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे अधिक सुदृढ निघाली. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा, सरासरी बीएमआय २० च्याही खाली असताना, मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली.

या निष्कर्षाचा अर्थ प्रत्येक घराने लक्षात घ्यावा असा आहे. लग्न ठरले म्हणून वीस वर्षांची मुलगी जेवण सोडते, तेव्हा ती केवळ स्वतःचे वजन घटवीत नसते. येणाऱ्या बाळाची शिदोरी कमी करीत असते.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रियांचे वजन अधिक होते, तर सुमारे २१ टक्के स्त्रिया कृश होत्या. रक्तक्षय तर ५४ टक्के स्त्रियांत होता. स्थूल आणि कृश अशा दोघी एकाच वाड्यात राहतात; पुष्कळदा स्थूल देहातही रक्त कमीच असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्था सदोष मानल्या आहेत. तेव्हा 'बारीक ते सुंदर' हे सूत्र ना आपल्या शास्त्राला मान्य, ना आधुनिक विज्ञानाला.

प्रथम मोजमाप

म्हणून पहिला प्रश्न असा, की वजन खरोखरच उतरवावयाचे आहे काय? भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरविलेल्या निकषांनुसार १८ ते २२.९ हा बीएमआय योग्य. पाच फूट उंचीच्या स्त्रीसाठी तो साधारण ४२ ते ५३ किलो होतो. त्याहून महत्त्वाची कमर. शिंप्याची फीत घ्यावी, श्वास सोडून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर माप घ्यावे. ते ८० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांहून अधिक असेल, तर सावध व्हावे. वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

गर्भवतीने वजन घटविण्याचा विचारही करू नये. स्तनपान देणाऱ्या मातेला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. तिने उपाशी राहणे हा बाळावर अन्याय होय. वाढत्या वयाच्या मुलींनी जेवण तोडू नये. वजन अकस्मात वाढत असेल, पाळी बिघडली असेल, तर थायरॉइड आदी तपासण्या आधी कराव्यात. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीची मोठी लाट आली. काहींना तिचा लाभ झाला. परंतु शेजारणीला मानवलेला नियम आपल्या औषधांशी जुळेलच असे नाही. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

स्वयंपाकघरातील उपाय

सुरक्षित गती कोणती? आठवड्याला अर्धा किलो, त्याहून अधिक नव्हे. आणि दिवसाचा आहार १,००० कॅलरींच्या खाली कधीही नेऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. हे विनासायास कसे साधते, याचा हिशेब करून पाहावा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. ते तीन लिटरवर आणले, तर प्रत्येकाच्या सुमारे १४० कॅलरी वाचतात. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर असेल, तर ती एकेक चमचा केल्याने ८० कॅलरी वाचतात. त्यास पाऊण तास झपझप चालण्याची जोड दिली, की आणखी सुमारे १५०. कागदावर हा हिशेब महिन्याला दीड किलोच्या जवळ जातो. प्रत्यक्षात एक किलो उतरले तरी सहा महिन्यांत सहा किलो होतात. पासष्ट किलोच्या स्त्रीला एवढे पुरेसे आहे. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली, की रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो.

यात भाकरी सोडावी लागली नाही. उलट बाजरी-ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, घट्ट वरण, शेपू-माठाची भाजी आणि ताक हेच ताट ठेवावे. तळण, फरसाण, बिस्किटे आणि शीतपेये मात्र सणापुरती. वजन घटविताना प्रथिने घटता कामा नयेत, अन्यथा स्नायू झिजतात. वाटीभर डाळ किंवा उसळ, दूध-दही आणि चालत असेल तेथे अंडे हे दोन्ही जेवणांत वाटून घ्यावे. बी-१२ साठी शाकाहारी स्त्रीने दूध-दही टाळू नये. कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

उपवासाचेही असेच. उपवास हा संयमासाठी असतो. साबुदाणा हा जवळजवळ केवळ पिष्ट. त्यात तेल आणि दाण्याचे कूट पडले, की उपवासाचा दिवस नेहमीपेक्षा जड होतो. त्याऐवजी भगर, राजगिरा, ताक, फळे असावीत. दोन दिवस कडकडीत उपवास आणि तिसऱ्या दिवशी भरपेट गोडधोड हा क्रम शरीराला मानवत नाही.

व्यायामासाठी महागडी व्यायामशाळा लागत नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो स्त्री-पुरुष दोघांसाठी. सूर्यनमस्काराने चलनवलन आणि स्नायूंचे बळ दोन्ही साधतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे हे सोपे प्रकार आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. पाळी थांबल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्या वयात स्नायूंना काम देणारा व्यायाम अधिकच आवश्यक ठरतो.

हे एकटीचे काम नव्हे

या सर्वांत एक अडचण उरते आणि तीच सर्वांत मोठी आहे. आपल्या घरांतून स्त्री सर्वांत शेवटी जेवते. उणे असेल तेव्हा ती अर्धपोटी राहते आणि उरलेले असेल तेव्हा 'अन्न टाकू नये' म्हणून भूक नसतानाही संपविते. ताजी भाजी संपलेली असते, भात आणि पोळी उरलेली असते. कृशता आणि स्थूलता या दोहोंचे मूळ या एका सवयीत सापडते. अन्नाचा मान राखावयाचा तर मोजून शिजवावे, उरलेले वेळेवर झाकून ठेवावे. गृहिणीच्या पोटाला उरल्यासुरल्याचे कोठार करू नये.

म्हणून संकल्प एकटीने करावयाचा नाही. घरातील सर्वांनी एकत्र पंगतीला बसावे. तेलाचा डबा महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजून भरावा. सकाळचा किंवा सायंकाळचा पाऊण तास गृहिणीला चालण्यासाठी मिळावा आणि त्या वेळात चहा-पाण्याचे पतीने व मुलांनी पाहावे. सासूने सुनेच्या ताटात उसळ आधी वाढावी. मुलीच्या देहावरून थट्टा करणे थांबवावे. टोमण्याने चरबी वितळत नाही, मन मात्र खचते. सहा महिन्यांनी फीत पुन्हा कमरेस लावावी, हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. कमर घटलेली, रक्त वाढलेले आणि जिना चढताना दम न लागणारा असेल, तर काट्याने किती किलो दाखविले याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. जी गृहिणी घराला जेवू घालते, तिच्या प्रकृतीची काळजी घराने वाहिली, तर तिचे वजनही योग्य तेथे राहील आणि पुढची पिढीही सुदृढ निपजेल.