निस्तेज त्वचेची निगा

चेहरा ओढलेला, कोमेजलेला दिसू लागला की आपला हात आधी क्रीमच्या ट्यूबकडे जातो. पण आधी कारण समजून घेऊया.

त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशी सतत झडतात आणि खालून नव्या वर येतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण ४ आठवडे लागतात; वयानुसार तो मंदावतो. मृत पेशी साचल्या, त्वचा कोरडी पडली की चेहऱ्याची तुकतुकी जाते.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसता टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. उन्हात जाताना किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा; शेतात किंवा रस्त्यावर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. डाळीचं पीठ लावायचं तर दुधात कालवून लावा, वाळून तडकायच्या आत धुवून टाका. लिंबाचा रस मात्र थेट चोळू नका. त्यावर ऊन लागलं तर त्वचा भाजून काळे डाग पडतात.

कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचं क्रीम तर मुळीच लावू नका. सुरुवातीला चेहरा उजळतो, पण पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते.

आणि चेहऱ्याच्या फिकटपणाबरोबर थकवा, धाप जाणवत असेल, तर ते रक्तक्षयाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी क्रीम बदलत बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.