घड्याळे निराळी, काळजी एकच
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाटा, शस्त्रक्रिया आणि देणग्या यांचा हिशेब आपण दरवर्षी ऐकता. आज आम्ही आपले लक्ष एका निराळ्या हिशेबाकडे, म्हणजे वेळेच्या हिशेबाकडे वेधू इच्छितो. गंगापूर रोड असो वा इंदिरानगर, आई-वडील येथे आणि मुले लंडन, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वा सिडनी येथे, अशी घरे नाशिकमध्ये आता नवलाची राहिलेली नाहीत. वडील दाखल झाले की मुलांना डॉक्टरांशी बोलायचे असते. ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु येथे सकाळची फेरी सुरू होते तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि तेथील दुपार म्हणजे आमच्या रात्रपाळीच्या परिचारिकेचा ऐन कामाचा प्रहर.

घड्याळातील वेळ ही मुळात माणसांनी केलेली तडजोड आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असून नाशिकचा सूर्य तिच्या सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. १९०६ साली ही वेळ आली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. एका देशात एक वेळ रुजायला जर इतकी वर्षे लागली, तर चार देशांत विखुरलेल्या कुटुंबाला एक वेळ ठरविणे अवघड जावे यात आश्चर्य नाही.

अडचण दोन गोष्टींमुळे वाढते. पहिली आपल्या अर्ध्या तासाची. लंडनच्या ग्रीनिच वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे आहोत, हा अर्धा तास घाईत विसरला जातो. दुसरी गोष्ट उन्हाळी वेळेची. आपणही महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे तासभर पुढे नेली होती. त्यानंतर मात्र त्यांना हात लावलेला नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. मार्चमधील दोन-तीन आठवडे तर असे जातात की न्यूयॉर्क बदललेले असते आणि लंडन जुन्याच वेळेवर असते. गेल्या महिन्याची ठरलेली वेळ या महिन्यात चुकते ती अशी.

यातून काही साधे नियम हाती लागतात. नाशिकची रात्रीची साडेआठची वेळ हिवाळ्यात लंडनला दुपारी तीन, न्यूयॉर्कला सकाळी दहा आणि कॅलिफोर्नियाला सकाळी सात अशी येते. तिन्हीकडची मंडळी त्या वेळी जागी असतात. सिडनी मात्र तेव्हा मध्यरात्र ओलांडून गेलेले असते. तेथील लेकीसाठी नाशिकची दुपारी दीडची वेळ बरी, कारण तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतात. सर्वांनाच सोयीची वेळ सापडत नसेल, तर जागरणाची पाळी आळीपाळीने घ्यावी. ती नेहमी एकाच भावंडावर पडू नये, आणि रुग्णावर तर कधीच पडू नये. वेळ सांगताना नाशिकची वेळ, वार आणि तारीख तिन्ही सांगावीत. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो आणि दप्तराची तारीख मध्यरात्री पालटते. म्हणून ‘शनिवारी रात्री बारा’ असे न म्हणता पावणेबारा म्हणावे. कुटुंबाने एकच प्रतिनिधी नेमावा, प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि डॉक्टरांनी सांगितलेले इतरांना त्यानेच कळवावे. तीच माहिती चार वेळा सांगताना जाणारा वेळ दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या वाट्याचा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही निर्णय कोणत्याही दूरध्वनीची वाट पाहत नाहीत. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. कॅलिफोर्नियातील मुलगा झोपेतून उठेपर्यंत ही मुदत सरून जाऊ शकते. शिवाय संमतीचा अधिकार प्रथम रुग्णाचा आहे. समीरा कोहली खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी संमती देण्याचा प्रश्नच येत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईची घेतलेली संमती ग्राह्य ठरली नाही. जीव वाचविण्यासाठी तातडीचा उपचार करावा लागला, तर तो अपवाद. मुलांचा सल्ला मोलाचा आहे, परंतु तो रुग्णाच्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही. आजोबा शुद्धीवर असतील, तर प्रश्न त्यांनाच विचारला पाहिजे.

म्हणून आमची विनंती अशी की हे बोलणे घरी, सर्व जण धडधाकट असतानाच व्हावे. रात्री-अपरात्री धावून येईल असा नाशिकमधील एक नातेवाईक वा शेजारी निश्चित करावा. चालू औषधांची यादी, जुने अहवाल आणि विम्याची कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. आपल्याला कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे ज्येष्ठांनी मुलांना आपल्या तोंडाने सांगावे. दिवाळीच्या फोनवर फराळाच्या गप्पा होतात, त्यातच ही दहा मिनिटे काढता येतील.

अंतर कमी करणे आमच्या हाती नाही. परंतु परदेशी असलेल्या लेकरांना ठरल्या वेळी खरी माहिती मिळावी आणि खाटेवरील माणसाला त्याच वेळी शांत झोप लाभावी, एवढे आपण सर्व मिळून निश्चित साधू शकतो. या कामी आपले सहकार्य मिळेल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.