फोनवरचा फेरीवाला आणि मूळ मालक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे लोण पुढे गावोगाव पोहोचले. अशा मालेत मोबाइलच्या कटकटीवर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, हे काही मंडळींना हलके वाटेल. वाटू द्या. या वसाहतीत तीन पाळ्या चालतात, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप किती मोलाची असते हे सांगण्यास ग्रंथांचा आधार लागत नाही.

आमच्या संघटनेतील एक गृहस्थ सकाळी आठला घरी येत. नऊला फोन वाजे, कर्ज हवे का? साडेनऊला वाजे, विमा काढता का? दहाला कोणी प्लॉट विकी. कंटाळून त्यांनी झोपताना फोन बंद करण्याचा शिरस्ता धरला. एके दिवशी त्यांच्या आईला गावी अर्धांगाचा झटका आला. धाकटा भाऊ सकाळपासून फोन करीत होता. यांनी तीनला फोन उघडला. आई वाचली, पण तिला दवाखान्यात नेण्यासाठी भावाने दारोदार हिंडून उसने पैसे आणले, ते थोरल्याच्या खिशात असताना! दोघा भावांत तेव्हापासून जी अढी पडली, ती अजून निघालेली नाही. कर्ज विकणाऱ्याच्या हिशेबात हा खर्च कोठेच मांडलेला नसतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली, ज्यांना असले फोन नको असतील त्यांची नोंदवही सुरू केली. २०१० साली नियम आले, २०१८ साली ते बदलले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत आणखी दुरुस्ती झाली. आम्ही हे सारे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले आहे. ज्याने हे नियम लिहिले, त्याने ते मोठ्याने कोणाला वाचून दाखविले नसावेत, अशी आमची खात्री आहे.

त्यांचे सार साधे आहे. १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून पुढे शून्य टाकून संदेश पाठवला, की जाहिरातीचे फोन आणि संदेश बंद करण्याची नोंद होते. बँकेचा ओटीपी त्याने बंद पडत नाही; ही भीती पुष्कळांना आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आम्ही एका रविवारी कचेरीत बसून सर्वांच्या फोनवरून ही नोंद करविली. १४० ने सुरू होणारे फोन कमी झाले. साध्या दहा आकडी क्रमांकांवरून येणारे मात्र थांबले नाहीत. कसे थांबावे? १४० वाला नोंदणीकृत विक्रेता, तो नोंदवही पाहतो. दहा आकडीवाला चोरवाटेनेच आत येतो. त्याला नोंदवहीचे काय?

त्याच्यासाठी दुसरा उपाय आहे, आणि तो आमच्या धंद्याशी जुळणारा आहे. फोन आल्यापासून सात दिवसांत त्याचा क्रमांक, तारीख आणि तो काय म्हणाला ते १९०९ वर कळवायचे. १९०९ वर आधी नोंद केलेली नसली तरी आता ही तक्रार चालते. एकाच क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या, की कंपनीस कारवाई करणे भाग आहे. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद. पुन्हा केले तर त्याची सारी जोडणीच वर्षभर तोडतात. आता पाहा, एकट्याने चिडून शिवी दिली तर काही होत नाही. एकाच पाळीतल्या पाच जणांनी एकाच आठवड्यात पाच ओळी लिहिल्या तर होते. वसाहतीतले क्रमांक ओळीने घेऊन फोन करणारा तोच एक असतो, हे आम्ही फोन शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहे.

आता विक्रेत्याकडे वळू. कारखान्याच्या फाटकाशी छत्री उभारून सिमकार्ड विकणारा पोरगा आपण सर्वांनी पाहिला आहे. बिहारकडचा, विदर्भातला नवा कामगार उतरला, की पहिली खरेदी त्याच्याकडे. आमच्याकडे आलेल्या एकाचा अंगठा ‘नीट उमटला नाही’ म्हणून दोनदा घेतला गेला. पुढे त्याच्या नावावर दुसरे कार्ड निघाले. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे २०२३ पासून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसते, आणि आपली नसलेली तेथेच नाकारता येते. ते पाहून ठेवा.

तो तक्रार घेऊन कंपनीकडे गेला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘तो आमचा माणूस नाही, एजंट आहे.’ हे वाक्य ऐकून आम्हाला हसू आले. तीस वर्षे आम्ही हेच ऐकत आलो आहोत: ‘तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे.’ १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्याला उत्तर दिले, की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने भरावा. आता नव्या संहिता आल्या, पण ते तत्त्व राहिले. सिमकार्डाच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ पासून विक्रेत्याची नोंदणी आणि त्याच्याशी करार करणे कंपनीवर बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्याकडून कार्डे विकल्यास दहा लाखांचा दंड ठरविला आहे. तेव्हा ‘एजंट आहे’ हे उत्तर नव्हे, कबुली आहे.

म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. त्याने एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि ग्राहक आयोगाचे दार? २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या तक्रारींना ते बंद केले होते, कारण १८८५ चा तारायंत्र कायदा! तेरा वर्षे वकील हेच सांगत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ते उघडले. आपल्या जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तरीही काही दुकानदार जुनीच गोष्ट ऐकवतात, ऐकू नका.

एक गोष्ट आमच्या लोकांनाही सुनवायची आहे. फोनवर बोलणारी मुलगी ही मालक नाही. तिला दिवसाचा आकडा ठरवून दिलेला असतो, समोर कागद असतो, आणि तुम्ही आईबहिणीवरून बोललात तरी तिला पुढचा क्रमांक लावावाच लागतो. अशी काही मुले आमच्या कचेरीत पगार बुडाल्याची तक्रार घेऊन आली, तेव्हा त्यांच्या नेमणुकीचा एकही कागद निघाला नाही. तिचा क्रमांक कळवा, पण जीभ आवरा.

कचेरीतली दोन पोरे मागच्या दाराशी टेबल टाकून बसली आहेत. ज्यांना १९०९ ची नोंद करायची असेल त्यांनी फोन घेऊन तेथे जावे; आणि या आठवड्यात ज्यांना कर्जाचा फोन आला असेल, त्यांनी तो क्रमांक पुसू नये, तेथल्या वहीत लिहावा.