शिळेपाके आणि मुलाचा पहिला स्वयंपाक

इंदूर शहरात, राजवाड्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, बडा गणपतीचे देऊळ आहे. सुमारे २५ फूट उंचीची ती शेंदरी मूर्ती. तिच्या बांधणीत विटा-चुन्याबरोबर गूळ आणि मेथीदाणाही घातला होता, असे सांगतात. स्वयंपाकघरातल्या जिनसांना एवढा मान क्वचितच मिळाला असेल! होळकरांच्या राज्यात मराठी कुटुंबे या शहरी येऊन स्थायिक झाली आणि पोळी, भाजी, वरण, भात हा आपला स्वयंपाक त्यांनी येथेही टिकविला. फक्त त्यावर चिमूटभर माळव्याची शेव आली.

या देवळाच्या आसपासचे असे एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. चैत्रातली रविवारची संध्याकाळ आहे. दुपारी पाहुणे जेवून गेले आहेत. आईवडील बाहेर गेले असून ते रात्री जेवायला परततील; घरात आजी आणि ११ वर्षांचा नातू. उरले आहे ते असे : सात पोळ्या, वाटीभर वरण, थोडी बटाट्याची भाजी आणि दोन वाट्या भात. जेवणारी माणसे चार.

अशा वेळी पूर्वापार काय होत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. इतरांसाठी ताजा स्वयंपाक होतो, आणि उरलेसुरले घरची गृहिणी सर्वांच्या मागून, एकटी बसून संपविते. 'टाकवत नाही' एवढेच ती म्हणते. तिच्या ताटात काय आहे, हे कोणी पाहतही नाही. मुलाला शिळ्यापाक्याचा स्वयंपाक शिकवायचा तो काटकसरीसाठी, हे खरेच. परंतु त्याहून मोठे कारण हे आहे की, जे उरले ते चौघांच्याही ताटात जावे.

पहिला धडा चुलीपाशी नव्हे, तर भांड्यांची झाकणे उघडण्यापाशी सुरू होतो. आजी नातवाला प्रत्येक पदार्थाविषयी दोनच प्रश्न विचारते : हा केव्हा शिजला, आणि तेव्हापासून कोठे होता? पोळ्या डब्यात होत्या. वरण आणि भाजी जेवणे होताच फ्रीजमध्ये गेली होती. भात मात्र दुपारपासून ओट्यावरच्या पातेल्यात राहून गेला होता. मुलगा वास घेऊन सांगतो, ''चांगला आहे.'' आजी म्हणते, ''असेल. पण हा खायचा नाही.''

मुलाला हे पटत नाही. आताच तर अन्न टाकू नये असे सांगितले, आणि लगेच टाकायला लावले! येथे त्याला खरे कारण सांगितले पाहिजे, दटावणी उपयोगाची नाही. भातात अशा एका जंतूची बीजे असतात, की जी शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत तासन् तास राहिला की ती वाढीस लागतात व विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवूनही जात नाही आणि नाकाला कळतही नाही. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवावे. काढल्यावर वाफा येईपर्यंत तापवावे, आणि तेही एकदाच. माळव्यात होळीनंतर शीतला सप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे गार अन्न खाण्याची चाल आहे. तेथेही पुऱ्या, गोडधोड, आंबट दही असे काही तग धरणारे पदार्थ असतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भात ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. त्या डब्याची ओळख इंदूरच्या मुलाला करून द्यावी लागत नाही. २०१७ साली हे शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिले आले आणि पुढे अनेक वर्षे पहिलेच राहिले. २०२२ साली देवगुराडिया येथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. तथापि डब्यात गेलेला भात कारखान्यात गेला तरी कोणाच्या पोटात गेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले सुमारे साठ टक्के घराघरांतून.

आता पोळ्या. मुलगा त्या हाताने कुस्करतो. तुकडे फार बारीक झाले तर भुगा होतो, फार मोठे राहिले तर फोडणी लागत नाही. दोन कांदे चिरायचे. सुरी कशी धरावी आणि बोटे आत कशी वळवावी, हे आजी एकदा करून दाखविते व मग आपले हात पदरात घेऊन बसते. शिकविणाऱ्याला सर्वांत कठीण जाते ते हेच. तेल तापले की नाही हे पाहण्यासाठी मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी, मग हिंग, मिरची, कढीलिंब, कांदा. हळद शेवटी, कारण ती चटकन जळते. मुलाने ओल्या हाताने कढीलिंब टाकला आणि तेल उडाले. तेव्हा हात पुसण्याचे महत्त्व त्याला न सांगता कळले. मग बटाट्याची भाजी, पोळीचे तुकडे, पाण्याचा एक हबका आणि वर झाकण.

मीठ मात्र त्याने सवयीप्रमाणे चमचाभर घातले. पोळीत मीठ होते, भाजीतही होते! कमलाबाई ओगले यांनी १९७० च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याचे माप देऊन असंख्य नवशिक्यांची सोय केली. परंतु उरलेल्या अन्नाचे माप कोणालाच लिहून ठेवता येत नाही, कारण त्यात आधीच कोणाचा तरी हात पडलेला असतो. म्हणून येथे चव आधी पाहायची आणि मीठ मागून. झालेल्या चुकीवर आजी उपाय सांगत नाही. विचारते, ''आता काय करशील?'' मुलगा विचार करतो, राखून ठेवलेली सातवी पोळी कुस्करून घालतो, लिंबू पिळतो, साखरेची चिमूट टाकतो. खारटपणा पुरता जात नाही, पण पदार्थ खाण्याजोगा होतो. वाटीभर वरणात पाणी, चिंचेचा कोळ व गूळ घालून चांगली उकळी आणली की चौघांपुरती आमटी होते. जोडीला ताक.

आईवडील घरी येतात. मुलगा ताटे मांडतो, आणि चारही ताटांत सारखेच वाढतो. आई सवयीने म्हणते, ''तुम्ही बसा, मी मागून घेते.'' मुलगा कढई दाखवितो. मागून घ्यायला तीत काही ठेवलेले नसते. आई बसते. वडील पहिला घास घेऊन म्हणतात, ''मीठ जरा पुढे आहे.'' मुलगा त्यांच्या ताटात मूठभर फिकी शेव घालतो आणि ताकाचा पेला पुढे सरकवितो.