५३७ मतं आणि उणे १६ हजार

आजचा विषय तसा जुना आहे, पण कोड लिहिणाऱ्या माणसाला तो स्वस्थ बसू देत नाही. अमेरिकेची २००० सालची अध्यक्षीय निवडणूक. जॉर्ज बुश विरुद्ध अल गोर.

ज्याला जास्त मतं तो जिंकला, एवढंच ना बहुमत? तर ऐका. देशभरात गोर यांना सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडली, तरी अध्यक्ष झाले बुश. कारण तिथे निकाल लागतो इलेक्टोरल कॉलेजमध्ये, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्यालाच राज्याची सगळी मतं. गाडी अडली फ्लोरिडात. इलेक्टोरल मतं २५. मतदान जवळजवळ ६० लाख. अधिकृत फरक फक्त ५३७.

मोजणीच्या रात्री तिथल्या व्होलुशिया काउंटीत एक गंमत झाली. एका मतदान केंद्रावरून गोर यांच्या नावे उणे १६,०२२ मतं आली. उणे! मेमरी कार्डचा घोळ. चूक लक्षात आली, दुरुस्त झाली. हा झाला बग. बरोबर आकडा कुठेतरी असतो, शोधला की सापडतो.

खरी अडचण पुढे होती. बऱ्याच काउंट्यांत पंच कार्डं होती. मतदाराने भोक पाडायचं. काही कार्डांवर कागदाचा तुकडा लटकत राहिला, काहींवर नुसता खळगा पडला. यंत्राने ती मतं सोडून दिली. कायदा म्हणे, मतदाराचा इरादा बघा. पण बघायचा कसा? एक कोपरा सुटला तर मत धरायचं, की दोन सुटले तर? काउंटीगणिक उत्तर वेगळं. पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असताना निकष बदलले. हा बग नाही. इथे स्पेसिफिकेशनच अर्धवट होतं.

आणि आता प्रत्येकाला माहीत होतं, कुठला नियम कुणाच्या फायद्याचा. बुश यांना हाताने मोजणी नकोच होती. गोर यांनी संपूर्ण राज्याची फेरमोजणी बोलून दाखवली, पण रीतसर मागणी केली ती आपल्याला अनुकूल अशा चार काउंट्यांत. शेवटी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मोजणीचा विषय संपवला. दुसऱ्या दिवशी गोर यांनी हार मान्य केली.

पुढे २००१ मध्ये वृत्तसंस्थांनी सुमारे १ लाख ७५ हजार वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेली मर्यादित मोजणी झाली असती, तरी बुशच जिंकले असते. सगळ्या राज्यातली सगळी वादग्रस्त मतं पाहिली असती, तर गोर थोडक्यात पुढे गेले असते. मतपत्रिका त्याच, नियम वेगळे, विजेता वेगळा.

मला स्वतःला हे टोचतं, कारण टेस्ट फेल झाली की निकष थोडा सैल करायचा मोह मलाही होतो. तेव्हा कारणंही किती पटणारी सुचतात! म्हणून निकष आधी लिहायचा, निकाल दिसायच्या आधी. फ्लोरिडात दोन्ही बाजू लोकशाहीच्याच नावाने भांडत होत्या, आणि दोघांकडे युक्तिवाद होते. नव्हता तो आधी ठरलेला नियम.

पुढच्या वेळी कुठल्याही मोजणीवरून वाद पेटला, की आधी स्वतःला विचारा: आपला माणूस पुढे असता, तरी मी हीच मागणी केली असती का?