घोडकाठच्या आद्य शेतकऱ्यांच्या मुलखात



स्वागत समितीच्या आणि घोड नदीकाठच्या सगळ्या गावांच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो. आद्य शेतीचा अभ्यास करणारी मंडळी या परिषदेसाठी शिरूर तालुक्यात जमली आहेत, याचा आम्हाला मोठा आनंद आहे. या विषयाचा एक मौलिक अध्याय इथल्याच पांढरीतून, म्हणजे इनामगावच्या जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, उलगडला आहे.

आपल्या उपखंडात शेतीची पहिली ठळक खूण बलुचिस्तानातल्या मेहरगढला सापडते. इसवी सनापूर्वी ७००० च्या सुमारास तिथली माणसं जव आणि गहू पिकवू लागली होती. दक्षिणेत, आजच्या कर्नाटक, आंध्र, तेलंगणात, नवाश्मयुगीन लोक गुरं राखत होते, कुळीथ आणि मूग पेरत होते. शेण जाळून झालेले त्यांचे राखेचे ढीग उटनूर, बुदिहाळसारख्या ठिकाणी अभ्यासले गेले. महाराष्ट्रातल्या पहिल्या स्थिर शेतकरी वसाहती ताम्रपाषाणयुगातल्या आहेत. त्या लोकांना तांबं मिळालं होतं, पण थोडकं. रोजच्या कामाची पाती अजून दगडाचीच होती.

या लोकांची ओळख पटवून दिली ती डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे इथं प्रवरेकाठी उत्खनन झालं आणि त्या गावाचं नाव एका संस्कृतीला मिळालं. नंतर नेवासे झालं, दायमाबाद झालं. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. धवलीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी इनामगाव खणलं. तोपर्यंत अनेक ठिकाणी छोटे उभे खड्डे घेऊन कालक्रम लावला जाई. इथं मोठं क्षेत्र आडवं उघडलं गेलं. त्यामुळे १३० हून अधिक घरं उजेडात आली आणि एक अख्खं गाव कसं नांदत होतं हे कळलं.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं वस्ती होती. जव हे त्यांचं मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगे. पुराचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला, पाट काढला. पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. गावाचं धान्य एकत्र साठवण्याची आणि त्यावर कुणीतरी देखरेख ठेवण्याची व्यवस्था होती, असं अभ्यासक त्यावरून मानतात. दगावलेलं लेकरू ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. ते दूर जाऊ नये, ही आईबापांची माया साडेतीन हजार वर्षांनंतरही आपल्याला ओळखू येते.

शेवटच्या काळात मात्र दिवस फिरले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकारीवरची भिस्त वाढली. लहान मुलांच्या हाडांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा आहेत. हवामान कोरडं होत गेलं, हे कारण धवलीकरांनी मांडलं. पुढच्या संशोधकांनी ते पुन्हा तपासायला घेतलं आहे. अवर्षणाची झळ सोसणाऱ्या आमच्या तालुक्याला या चर्चेत फार रस आहे. पाऊस हटल्यावर गाव कशानं टिकतं आणि कशानं मोडतं, हा आमचा आजचाही प्रश्न आहे.

या माणसांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या कुणा राजाचं नाव आपल्याला माहीत नाही. त्यांचं सगळं म्हणणं मातीत आहे. ती माती पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पीक कळतं. मुकुंद काजळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा दाण्यांवर आयुष्य वेचलं. एकेक दाणा जपून उचलणाऱ्या त्या चिकाटीला मी या मंचावरून नमस्कार करतो.

म्हणूनच एक काळजी बोलून दाखवतो. पांढरीची माती खतासाठी गाडीगाडीनं शेतात नेण्याची आपली जुनी रीत आहे. आता जेसीबीनं सपाटीकरण होतं आणि एका दिवसात टेकाड नाहीसं होतं. शेतकऱ्याला दोष देऊन हे थांबणार नाही. त्याच्या बांधावर काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. संशोधनाचे अहवाल इंग्रजीत निघतात, त्यांची किंमत मोठी असते, ते गावापर्यंत येत नाहीत.

माझी परिषदेला हात जोडून दोन मागण्या आहेत. प्रत्येक उत्खननाचा सोपा मराठी वृत्तान्त त्या गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत पोहोचवा. आणि शिवारातल्या पांढरींची नोंद करायला गावातल्या तरुणांना शिकवा. नोंदवह्या आम्ही ठेवू, राखणही आम्ही करू.

आपल्या निवासाची सोय गावकऱ्यांनी घरोघरी केली आहे. दुपारच्या जेवणात बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी आहे. उद्या सकाळी इनामगावला जायचं आहे. तिथले वडीलधारे आपल्याशी बोलायला उत्सुक आहेत. काही उणं भासलं तर कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा.

शेती संकटात असताना तिच्या आरंभाचा विचार करायला आपण शेतकऱ्यांच्या दारी आलात. इथल्या चर्चेत आम्हालाही बसू द्या, प्रश्न विचारू द्या. पुन्हा एकदा आपणा सर्वांचं स्वागत करतो आणि परिषदेला सुयश चिंतितो.