सैनिकाचें मूल आणि नवी शाळा

सैन्यांतील कुटुंबाचा संसार चार ट्रंकांत मावेल एवढाच असावा लागतो. एका गांवीं दोन-तीन वर्षें झालीं न झालीं तोंच बदलीचा हुकूम येतो, सामान बांधलें जातें आणि नव्या गांवीं चूल मांडली जाते. चूल त्याच दिवशीं पेटते; मुलाची शाळा मात्र तितक्या सहजतेनें सुरू होत नाहीं. वर्ग पुढें गेलेला, कागद अपुरे, भाषा अनोळखी. अशा अडचणींत मूल कित्येक दिवस घरींच बसून राहतें. हे दिवस वाचवावे कसे, एवढाच येथें प्रश्न आहे.

महाराष्ट्राला तो दोन्ही अंगांनीं जवळचा आहे. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवानें पिढ्यान् पिढ्या इतकीं माणसें सैन्यांत धाडलीं कीं, ‘मिलिटरी’ हा शब्द त्याच्या नांवालाच जोडला गेला. अशा गांवचीं मुलें वडिलांच्या मागोमाग पंजाबांत किंवा आसामांत शिकतात. उलट पुणें, देवळाली, अहिल्यानगर, कामठी येथील छावण्यांत गढवालपासून तामिळनाडूपर्यंतचीं मुलें येऊन राहतात. आपल्या मुलास परमुलखांत जी वागणूक मिळावी असें वाटतें, तीच येथें आलेल्या मुलास देणें हा साधा न्याय होय.

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें नव्हे. बदली होणाऱ्या नोकरवर्गाच्या मुलांसाठीं मध्यवर्ती शाळा काढण्याची योजना १९६२ सालीं मंजूर झाली. १९६३-६४ सालीं पलटणींच्या २० शाळा तींत घेण्यांत आल्या, आणि त्यांतूनच आजचीं केंद्रीय विद्यालयें वाढलीं. १९८३ सालीं स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या शाळाही आहेत. परंतु या शाळा प्रत्येक गांवीं नाहींत आणि त्यांतील जागा मोजक्याच. शिवाय, कुटुंब नेतां न येणाऱ्या ठाण्यावर वडील गेले म्हणजे आई मुलांना घेऊन शहरांत भाड्याचें घर घेते. अशा वेळीं जवळची नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा हाच आधार.

येथें कायदा मुलाच्या बाजूनें उभा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. त्याच्या पांचव्या कलमाप्रमाणें, कोणत्याही कारणानें शाळा बदलावी लागलेल्या मुलास सरकारी अगर अनुदानित शाळेंत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब द्यावयाचा असून, तो येण्यास उशीर झाला एवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं. वयाचा पुरावा नाहीं म्हणूनही प्रवेश नाकारूं नये, असें चौदावें कलम सांगतें. हें संरक्षण आठवीपर्यंतचें. नववी-दहावीच्या मुलाचा संबंध परीक्षा-मंडळाशीं येतो. म्हणून तेथें बदलीचा हुकूम कळतांच दोन्ही शाळांकडे चौकशी करावी.

मग अडतें कोठें? तें कचेरीच्या टेबलापाशीं अडतें. परप्रांतांतील दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी नाहीं, एवढें म्हणून कारकून कागद परत करतो. समोर एकटी आई. तिला मराठी येत नाहीं, कायद्याचें कलम ठाऊक नाहीं, आणि नवरा हजार मैलांवर. ती ‘बरें’ म्हणून परत फिरते आणि मुलाचे पंधरा दिवस जातात. मुख्याध्यापकानें मूल आधीं वर्गांत बसवावें आणि कागद मागाहून मागवावेत. कित्येक शाळांचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें, येथें बहुधा जूनांत. म्हणून आलेलें मूल कोठवर शिकलें आहे, हें त्याच्या वह्या चाळून पाहावें. मराठीसाठीं त्याला मुळाक्षरांपासून रोज अर्धा तास द्यावा, आणि गणितांत तें हुशार असेल तर फळ्यापाशीं बोलवावें. भाषा येत नाहीं म्हणजे बुद्धि नाहीं, असा समज वर्गांत फार लवकर पसरतो.

पालकांनींही थोडी दक्षता घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकें, जन्माचा दाखला, बदलीच्या हुकमाची प्रत आणि शासकीय नोंदींतील विद्यार्थ्याचा कायम क्रमांक हीं सर्व एका फाईलींत घालून ती हातांतल्या पिशवींत ठेवावी. मागाहून येणाऱ्या सामानांत टाकूं नये. प्रत्येक विषय कोणत्या धड्यापर्यंत झाला, तें जुन्या शिक्षकांकडून लिहून आणावें. तेवढ्या चिठ्ठीनें नव्या शिक्षकाचें पुष्कळ काम वाचतें.

राहिला शेजार. सुशिक्षित घरांना येथें करण्यासारखें पुष्कळ आहे. नव्यानें आलेल्या बाईंबरोबर शाळेपर्यंत जावें, अर्ज मराठींत भरून द्यावा, पांचवें कलम नम्रपणें दाखवावें, गतवर्षींचीं पुस्तकें द्यावीं, आणि आपल्या मुलांस सांगावें कीं, त्याला खेळांत घ्या. यांत पैसा लागत नाहीं. एक सकाळ लागते. सैनिकांच्या गौरवाचीं भाषणें ठराविक दिवशीं होतात. त्यांच्या मुलांना बाकावर जागा मात्र कधीं जूनांत लागते, कधीं भर नोव्हेंबरांत. आणि मूल ज्या दिवशीं शाळेच्या दारांत येईल, त्याच दिवशीं ती मिळाली पाहिजे.